न बोलणारा कारागीर

ती. ताईस, तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. (डॉक्टर 'बरे आहेत' म्हणाला असेल तर दुसऱ्यालाही दाखव.) इकडे सगळं ठीक. म्हणजे वरवर ठीक, कारण माझ्या सलूनमध्ये सध्या काहीतरी काळंबेरं आहे.

झालं असं की, परदेशातून परत पाठवलेल्या तरुणांना कामाला लावणाऱ्या एका संस्थेच्या बाई आल्या आणि 'दादा, एका खुर्चीवर आमचा कारागीर घ्या' म्हणाल्या. इतकं गोड बोलतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं. पण खुर्ची रिकामीच होती. आला पंचविशीतला एकजण. हात चांगला, वेळेवर हजर, कात्रीला न सांगता तेल घालतो. पण ताई, तो बोलत नाही! मुका नाही, विचारलं की उत्तर देतो, पण तेवढंच. आपल्या धंद्यात गप्प माणूस पाहिलायस कधी? आपले बाबा एका दाढीत गिऱ्हाइकाच्या जावयाची नोकरी, शेजारच्यांचं भांडण आणि सरकार, तिन्ही उरकायचे. गप्प माणूस एक तर काही ठरवत असतो, नाहीतर काही लपवत असतो. त्यात गिऱ्हाइकं त्याच्याच खुर्चीसाठी थांबायला लागली, आणि तेही मी मोकळा असताना. म्हणतात, 'तुमच्याकडे हो-हो करून मान अवघडते.'

शेवटी बाबांची रीत काढली : नव्या कारागिराची पारख मालकानं आपल्याच गालावर करायची. बसलो, आरशात त्याच्यावर नजर ठेवून. वस्तरा गळ्याशी आल्यावर विचारलं, 'तिकडून का हाकललं तुला?' (असं तेव्हा विचारू नये, हे नंतर सुचलं.) म्हणाला, 'कागदांची मुदत संपली, दादा. तिकडे कामगारांचे केस कापायचो. त्यांची भाषा मला येईना, माझी त्यांना. बोलायची सवयच मोडली.' पुढचं आठवत नाही, कारण मला झोप लागली. तुझी भावजय गेल्यापासून मला धड झोप नाही, हे तुला ठाऊक आहे. जागा झालो तर मानेखाली टॉवेलची घडी, खुर्ची उन्हातून वळवलेली. बरं वाटलं गं, फार बरं वाटलं. आणि लगेच शंका आली, मला झोपवण्यात ह्याचा काय फायदा?

म्हणून सुट्टीच्या दिवशी लपतछपत त्याच्या मागे गेलो, एखादी टोळीबिळी सापडेल म्हणून. तो भाड्यानं खोली शोधत होता. संस्थेतली जागा त्याला महिनाअखेरीस सोडायची आहे. दारं उघडायची, 'परत पाठवलेला' कळलं की लागायची. मी खांबाआड उभा राहून बघत होतो.

तुझा, (लोक म्हणतात तितका नाही, पण) संशयी भाऊ

ता. क. एका घरमालकाला तो पसंत पडला होता. त्यानं चौकशीसाठी मला फोन केला. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, 'चांगला वाटतो, पण सांगता येत नाही.' खोली गेली. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. तुझी माडीवरची खोली रिकामी आहे, ती त्याला दे. चौकशीसाठी मला फोन मात्र करू नकोस; मी पुन्हा तेच बोलेन.

ता. क. दुसरा. हे पत्र घेऊन आलेला माणूस तोच. पाकीट डिंकानं पक्कं चिकटवलंय. वाटेत फोडलेलं दिसलं तर मला लगेच कळव. खोली तरीही दे.