मये येथील झरीची किंमत शून्य धरल्याबद्दल हरकत

प्रति,
मा. अधिकारी,
निसर्ग-मूल्यांकन कक्ष (जिन्याखालचा),
डिचोली, गोवा.

विषय: पर्यटकांच्या वाहनतळासाठी बुजवायच्या झरीच्या मूल्याबाबत.

संदर्भ: पंचायतीच्या फलकावर उलटा चिकटवलेला आपला अहवाल, जो अर्जदाराने मान वाकडी करून पूर्ण वाचला.

महोदय (अथवा महोदया, आपल्या दारावरच्या पाटीवर नाव नाही),

१. अर्जदार गोकुळदास गावस, राहणार मये, याच्या कुळागराच्या वरच्या अंगाला, सरकारी जागेत, एक झर आहे. अर्जदाराच्या सुपाऱ्या आणि केळी तिच्यावर जगतात. मे महिन्यात नळ रुसला की अर्धा वाडा, म्हणजे आमची अर्धी वस्ती, आणि बांधकामावरची बेळगावकडची मंडळी तिथेच कळशा भरतात. ही झर बुजवून तिथे बसगाड्या उभ्या करण्याचे घाटत असून, त्यात नुकसान काहीच नाही असे आपल्या अहवालात म्हटले आहे. कारण झरीचे मूल्य शून्य आहे.

२. हे शून्य कसे जन्माला आले ते अर्जदाराने डोळ्यांनी पाहिले आहे. आपले सर्वेक्षक श्री. महेश हे भर उन्हात दारी आले. अर्जदाराची पत्नी कमलाक्षी हिने रीतीप्रमाणे आधी गूळ आणि झरीचे पाणी पुढे केले. महेश चांगला मुलगा आहे. त्याने तांब्या रिकामा केला, पुन्हा मागितला, आणि तोंडात गूळ असल्याने आपला छापील लांबलचक प्रश्न आखूड करून एवढेच विचारले, "या पाण्याचं किती धरायचं?" पोरगा प्यायलेल्या पाण्याचे पैसे देऊ पाहतो आहे असे वाटून कमलाक्षीला वाईट वाटले. ती म्हणाली, "कायच नाका रे पुता. आमगेर उदकाचे पैशे घेनात." महेशने शून्य लिहिले व आभार मानून तो गेला. बाकीच्या घरांतही त्याला गूळ मिळाला आणि शून्यच मिळाले.

३. अर्जदाराची नात सेजल कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. तिने समजावले की, ज्या वस्तूचा बाजार नसतो तिच्यासाठी लोक किती पैसे मोजायला तयार आहेत ते विचारून तिचे मोल काढतात. शास्त्र चांगले आहे, अर्जदाराची त्याला हरकत नाही. मात्र मयेच्या तलावावर आलेल्या पर्यटकांना वाहनतळाबद्दल विचारले तेव्हा त्यांच्या तोंडात गूळ नव्हता आणि डोक्यावर ऊन होते, म्हणून त्यांनी भरघोस आकडे सांगितले. या न्यायाने कमलाक्षीने आजवर रांधलेले सगळे जेवण शून्य किमतीचे आहे, आणि अर्जदाराची झोपमोड करणारा शेजाऱ्याचा कोंबडा, गिऱ्हाईक तयार असल्यामुळे, तालुक्याची संपत्ती आहे.

४. पुढे तर अहवालाने कमाल केली आहे. झर बुजल्यावर वाड्यावर टँकर येईल, टँकरवाल्याला धंदा मिळेल, आणि तो धंदा आपण फायद्याच्या बाजूला मांडला आहे. असे असेल तर एका झरीवर का थांबावे? मयेचा तलावही बुजवावा. डिचोलीतल्या सगळ्या विहिरींत माती लोटावी. तालुका वर्षभरात श्रीमंत होईल, फक्त तहानलेला असेल.

५. अर्जदार हरकत घेऊन आपल्या कक्षात आला असता तेथील बाईंनी सहानुभूतीने सांगितले की, शून्य खोडून दुसरा आकडा लिहून देता येतो, फक्त कमलाक्षीची सही लागेल. अर्जदार धावत घरी गेला. सेजलने सुपारी, केळी, टँकर, औषधपाणी असे सगळे धरून असा काही आकडा काढला की अर्जदाराने मनातल्या मनात घराचे छप्परसुद्धा बदलले. कमलाक्षीने मात्र पेन हातात घेतले नाही. ती म्हणाली, "आज आकडो सांगलो तर फाल्यां कोणतरी तितके पैशे हाडून हातार ठेवतलो आनी झर घेवन वतलो. मागीर त्याका कितें सांगशात?"

६. उद्या तेवढे पैसे आणून झर घेऊन जाणाऱ्याला काय सांगायचे, ते सेजलने पुस्तकात शोधले. मग आकड्याचा कागद तिनेच फाडला, आणि ती परीक्षेत पहिली येते. छपराचा विचार केल्याची अर्जदाराला लाज वाटली.

७. तरी नम्र विनंती की, शून्यही नको आणि आकडाही नको. आपण स्वतः एकदा दुपारी यावे. गूळ खावा, पाणी प्यावे. मग पाकीट काढून झरीचे होतील तेवढे पैसे कमलाक्षीच्या हातावर ठेवून पाहावेत. त्यानंतर ती जे काही करील, ते आपण शुद्धीवर असल्यास 'मूल्य' या रकान्यात जसेच्या तसे लिहावे. त्यावर अर्जदार हरकत घेणार नाही.

आपला, अजून तरी नम्र,
गोकुळदास गावस
मये, दि. १४ मे २०२५

सोबत: झरीच्या पाण्याची बाटली. पाण्याचे काही नको. बाटली तेवढी परत करावी, ती विकतची आहे.