लांडग्याला समान फटके

४, सोमवार
लांडग्याचं पोट न फाडता गिळलेली आजी बाहेर कशी काढायची? मला माहीत नाही. पण काढणार. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी. डायरेक्टर सरांनी लांडगा, आजी आणि नातीच्या जुन्या परीकथेवरच्या ॲनिमेशन पिक्चरची 'मूल्यं', म्हणजे त्यातून मुलांनी काय शिकायचं ते, माझ्याकडे सोपवली आहेत. मुलांना पिक्चर आवडला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. संकल्प : रक्ताचा एक थेंब दिसणार नाही.

५
लांडगा माफी मागून आजीला ओकून टाकतो, असं लिहिलं. चित्र काढता काढता ॲनिमेटरलाच मळमळलं. (त्याला सगळे दाढी म्हणतात.) म्हणाला, बाई, यापेक्षा कुऱ्हाड स्वच्छ.

८
मूळ गोष्टीत लाकूडतोड्या येऊन वाचवतो. आणि मुलीने काय नुसतं किंचाळायचं? कुऱ्हाड मुलीच्या हातात दिली. हिंसा तेवढीच, समता जास्त.

११
म्हाताऱ्या बाईने पोटात स्वस्थ बसून राहायचं? हा वृद्धांवर अन्याय आहे. आजीला कात्री दिली. ती आतून पोट कापून स्वतःच बाहेर येते. दाढी म्हणाला, सुटला की तुमचा प्रश्न. त्याच्याशी बोलणं बंद.

१४
कष्टकरी माणसाची कुऱ्हाड आपण काढून घेतली! रात्रभर झोप नाही. त्याला दुसरी दिली. आता तिघं मिळून मारतात, फटके सारखे वाटून. रक्त अजिबात नाही. रक्ताच्या जागी फुलं उडतात. खूपच उडतात.

१७, रविवार
दादाच्या चिमीला कच्चा पिक्चर दाखवला. तिने लगेच खेळ मांडला. आबा हौसेने लांडगा झाले. चिमीने त्यांच्या डोक्यात लाटणं घातलं. भुवईवर टाके पडले. टाके घालून घेताना आबा डॉक्टरांना सांगत होते, आमच्या पोरीने लिहिलंय हे, शिकलेली आहे ती. घरी वहिनी म्हणाली, वन्सं, तुमची फुलं पुसायला दोन फडकी लागली.
उद्या मारामारी काढायला लावणार. नोकरी गेली तरी बेहत्तर.

१८
सर फोनवर होते.

१९
सर खुशीत होते. कुणाचा आनंद हिरावणं माझ्या मूल्यांत बसत नाही.

२३, शनिवार
मुलांना पिक्चर दाखवला. सगळी खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती, अजून मार, अजून मार! एका मुलीने शेजारच्याचा दात पाडला. सर म्हणाले, मूल्यं पोचली बरं का. तिथल्या तिथे नोकरी पक्की केली. वर विचारलं, काही बोलायचंय? मी थँक्यू सर म्हणाले.

घरी आले तर बिल्डिंगमधली सगळी पोरं खाली काठ्या घेऊन उभी. चिमीने पिक्चर सांगितला होता. आबा कपाळाच्या पट्टीसकट चपला घालत होते. म्हणाले, सरक बाजूला, पोरं खोळंबलीत, पिक्चर तुझाच आहे ना?
हे तत्त्वतः थांबवायलाच हवं होतं. मी दादाचं हेल्मेट आणलं, आबांच्या डोक्यात घातलं, पट्टा नीट आवळला आणि त्यांना खाली पाठवलं.