पूजेतली फ्लॉपी

महाल, नागपूर
फेब्रुवारी १९८७

प्रिय बाबा,

शालिककाकांच्या हाती प्रेसमध्ये पाठवलेलं पाकीट मिळालं. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी माझी नोकरी जाता जाता कशी राहिली, ते ऐका.

आमच्या प्रेसमध्ये अक्षरजुळणीचं नवं मशीन आलंय, हे दिवाळीत सांगितलं होतं. शिशाच्या अक्षरांचे खिळे नाहीत, शाई नाही. कळा दाबल्या की मजकूर फोटोच्या कागदावर उमटतो. मागच्या आठवड्यात बोल्डची, म्हणजे जाड अक्षरांची फ्लॉपी आली. मी ती मशीनमध्ये चढवली, एक मथळा टाइप केला, तर सगळी अक्षरं एकमेकांच्या अंगावर! काना शेजारच्या अक्षराच्या पोटात, वेलांटी भलतीकडे. आमचे मालक मनोहरराव सगळ्यांसमोर ओरडले, "बाई, मशीन बिघडवली काहून? शनिवारपर्यंत नीट नाही झाली तर गावची गाडी पकडा." जुने कंपोझिटर रुपरावभाऊ हसले, "बी.ए. झाली म्हणून मशीन थोडीच आयकते तिचं!" मी म्हटलं, आयकते का नाही ते पाहाच गा भाऊ.

फ्लॉपी पुन्हा चढवली. तेच. मग मशीनची इंग्रजी पुस्तिका आणि शब्दकोश घेऊन बसले. त्यात लिहिलं होतं, अक्षरांचे आकार एका फ्लॉपीवर असतात आणि कुठल्या अक्षराला ओळीत किती जागा द्यायची ते दुसरीवर. दुसरी कुठाय? मनोहररावांनी दोन्हींची हळदकुंकू वाहून पूजा केली होती. एक मला दिली आणि दुसरी जास्तीची समजून लक्ष्मीच्या तसबिरीसमोरच ठेवली. मी उचलायला गेले तर म्हणाले, "हात लावू नका, पूजेची आहे." मी उचललीच. फ्लॉपीच्या पाकिटावरचं कुंकू पुसलं आणि ती चढवली. जाड अक्षरं मशीनमध्ये केव्हाच आली होती, बाबा. मशीन त्यांना जागा मात्र बारीक अक्षरांचीच देत होतं.

आता तपासायला काहीतरी मजकूर हवा होता, आणि तुमचं पाकीट टेबलावरच होतं. उघडलं तर छापण्यासाठी माझ्याच लग्नपत्रिकेचा मजकूर, तारखेसकट. मुलाच्या नावापुढे बी.कॉम., माझ्या नावापुढे काही नाही. मुलाकडच्यांना नोकरी करणारी नको, असं काका सांगत होते. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन अख्खं गाव फिरलेले तुम्ही, आणि एवढी गोष्ट मला विचारावीशी वाटली नाही? मी ती पत्रिका मशीनवर जुळवली. माझं नाव जाड अक्षरांत, पुढे बी.ए. एकही अक्षर दुसऱ्यावर चढलं नाही. रुपरावभाऊंनी कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "जमलं वं पोरी." तोच कागद सोबत पाठवतेय. दुसरी प्रत निघणार नाही, कारण हे लग्न होणार नाही. मुलाकडे तुम्ही कळवा, नाहीतर रविवारी मी स्वतः जाऊन सांगते. रागवा, हवं तेवढं रागवा. पण एकदा या. तुमचं नाव मी स्वतः जुळवून दाखवते.

तुमचीच हट्टी,
गोपिका, बी.ए.