बोटभर शेपट्या

सोमवार, ६ तारीख

प्रिय फ्यूज,

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांत पहिलं, आणि तेही साडेचार ओळींचं! फोन तू उचलत नाहीस, म्हणून मीही कागदच घेतला. इकडे सगळं ठीक आहे. अप्पा काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जातात आणि येताना त्या काठीलाच शिव्या घालत येतात. बाइंडिंगची कामं आता घरीच आणतात. माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय, मान मोडून गेली.

प्रशिक्षण केंद्राच्या बाईंनी तुला शिकवायला बोलावलं हे वाचून मी मशीनवरून उठलेच. कपड्यांत दिवे शिवायचा वर्ग, आणि तो आमचा फ्यूज घेणार! मग पुढची ओळ वाचली. 'ज्याच्या कच्च्या सोल्डरने बापाचा पाय गेला, त्याने दुसऱ्यांना काय शिकवायचं?' अरे, जन्मभर गोदामात खोकीच उचलणार आहेस का?

आणि अप्पांचं ते दिव्यांचं जाकीट कशाला हवंय तुला? म्हणे एकदा उघडून स्वतःची चूक डोळ्यांनी बघतो, मग पंचवीस तारखेपर्यंत बाईंना नकार कळवतो. बघून काय मिळणार? तसंही ते सापडत नाहीये. माळ्यावर असेल कुठेतरी. बघते.

वेळेवर जेवत जा.

तुझी सुईताई


मंगळवार, १४ तारीख

फ्यूज,

तुझी चिठ्ठी आली. 'शोध.' एवढाच एक शब्द. वा रे वा! बहिणीशी बोलायला शब्द मोजून वापरावे लागतात का?

बरं, सापडलं. पण इतक्यात पाठवत नाही. मळलंय फार. त्यातला सेलही गळला असेल.

काल हातात घेतलं आणि सगळं आठवलं. वायरीऐवजी वापरलेला स्टीलचा तो दोरा सुईत ओवताना मी तुझा उद्धार करायचे. किती आडमुठा दोरा! सेलपासून दिव्यांपर्यंत दोन रेघा, एक प्लसची, एक मायनसची. तू म्हणायचास, "सुईताई, या दोघी सासू-सुना आहेत असं समज. एकमेकींना टेकल्या की घरात अंधार." अप्पांना अंधारात सायकलवर भीती वाटू नये म्हणून पाठीवर आठ दिवे लावले आपण. घालून दाखवताना अप्पा अंगणात कसे गोल गोल फिरले होते!

आणि त्या रात्री अप्पांना धडक दिलेला टेम्पोवाला सांगत होता की त्यांच्या पाठीवर एकही दिवा नव्हता. दवाखान्यात जाकीट खुर्चीवर टाकलं तर आठच्या आठ लागलेले. तू तिथेच म्हणालास, "स्विचपाशी माझंच सोल्डर हललं असणार." मीही ते खरं मानलं. खरं सांगते, त्या क्षणी मला काही माहीत नव्हतं.

थोडे दिवस दे मला.

सुईताई


शनिवार, १८ तारीख

फ्यूज,

काल अप्पांनी ते जाकीट माझ्या मांडीवर पाहिलं. जन्मभर वह्या-पुस्तकं शिवलेला माणूस तो. अस्तरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "निळ्या अस्तराला राखाडी दोरा? तू असं शिवत नाहीस."

मी म्हटलं, "उसवलं होतं ते."

"दवाखान्यातून घरी आलो त्याच आठवड्यात बघितलंय मी. काय लपवलंस ते मला कळत नाही, पण काहीतरी लपवलंस एवढं कळतं. तू सांगशील म्हणून थांबलो." मग काठी आपटून ओरडलेच माझ्यावर. "माझा पाय गेला तो गेला! त्या पोराचे हात कशाला घेतेस?"

पाचावर धारण बसली माझी. आता ऐक.

तू बजावलं होतंस की गाठ मारली की उरलेला दोरा गाठीपाशीच कापायचा आणि वर नेलपॉलिशचा थेंब द्यायचा, म्हणजे गाठ सुटत नाही. चार वेळा सांगितलंस. मी मनात म्हटलं, कालचं पोर मला गाठ शिकवतंय! वीस वर्षं शिवतेय मी. गाठीपाशी दोरा कापला की गाठ सुटते, बोटभर शेपटी ठेवायचीच असते. मी दोन्ही रेघांच्या शेपट्या ठेवल्या आणि अस्तराखाली सारल्या. तू विचारलंस तेव्हा 'कापल्या' म्हणून सांगितलं. हँगरवर दिवे झकास लागत होते. अप्पा चढावर सायकलवर वाकले, पाठ ताणली गेली आणि त्या दोन शेपट्या एकमेकींना टेकल्या.

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी मी अस्तर उसवलं. जाकीट वाकवलं की दिवे जात, सोडलं की येत. दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा तेच. मग शेपट्या कापल्या, नेलपॉलिश लावलं, हाताला लागेल तो दोरा ओवला आणि शिवून टाकलं. त्याच संध्याकाळी तू सोल्डर गन आणि सगळा पसारा भंगारवाल्याला दिलास. मी दारातच उभी होते रे. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. लहानपणापासून तू मला जसं मानत आलास, ते सगळं संपेल याची भीती वाटली. मग तू गाव सोडून गेलास, आणि दिवसागणिक सांगणं अवघडच होत गेलं.

आणखी एक. परवापर्यंत माझा बेत होता की जाकीट तसंच पाठवायचं. तुला आत काही सापडलं नसतं. तू पुन्हा स्वतःलाच दोष दिला असतास आणि मी इकडे निवांत गणवेश शिवत बसले असते. इतकी नीच आहे मी.

कुरिअरवाला चार वाजता येणार आहे. जाकीट अस्तर उसवूनच पाठवतेय. सोबत बटणांची डबी आहे, त्यात त्या दोन शेपट्या आहेत. दोन वर्षं टाकवल्या नाहीत. गाठींशी जुळवून बघ. कुणाकडून तरी मीटर माग आणि तुझं स्विचपाशीचं सोल्डर तपास. मी काल कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "इतकं साफ काम हल्ली कुणी करत नाही."

मला माफ कर असं लिहिणार नाही. तेवढं तोंड नाही मला. बाईंना काय कळवायचं ते तू ठरव. फक्त सोल्डर कच्चं होतं असं लिहू नकोस, ते खोटं आहे.

आणि गेलासच शिकवायला, तर पहिल्याच दिवशी डबी उघड. या शेपट्या सगळ्यांना हातात घेऊन बघू दे. कुणी केलं म्हणून विचारलं तर सांग, माझ्या बहिणीने. कापायला विसरली नव्हती, मुद्दाम ठेवल्या होत्या, हेही सांग.

तुझी बहीण