ओळ संपल्याची घंटी

३ जून, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. कॉम्प्युटरवर, नोटपॅडमध्ये. डोळे गेले म्हणून काय झालं? लोहाऱ्याच्या तहसीलात अठ्ठावीस वर्षं टायपिस्ट होतो, बोटांना सगळं पाठ आहे. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम माझ्या लेकीनं, शिवांजलीनं बसवून दिलाय. पोरीला वाशीला नर्सची नोकरी लागली आहे. पण तिची अट आहे: लिहिलेलं मी स्वतः शोधून वाचून दाखवलं तरच जाणार. पंधरा तारखेला परीक्षा. सोपं आहे.

दुपारी २
प्रोग्राम प्रत्येक वाक्याला 'पूर्णविराम' म्हणतो. मीच घातलेला पूर्णविराम मलाच सांगतो. वर 'स्वल्पविराम', 'प्रश्नचिन्ह'. साहेबसुद्धा एवढे टोकत नव्हते. विरामचिन्हं बोलणं बंद करून टाकलं.

५ जून
शांतता. मात्र खालचा बाण दाबला की पहिल्या दिवसापासून वाचत सुटतो. मध्येच थांबवलं की पुन्हा ३ जून. शिवांजली म्हणाली, सगळं एकाच ओळीत गेलंय, एंटर मारत जा. तिला समजावलं की ओळ संपत आली की घंटी वाजते, मग पुढची ओळ. टाइपरायटरवर आयुष्य गेलं माझं. घंटी अजून वाजलेली नाही, म्हणजे ओळीत जागा आहे.

८ जून
तीच गत. मागचं ऐकायला बसलो, निम्म्यात शेजारच्या हरणावहिनी भाकरी घेऊन आल्या. पुन्हा पहिल्यापासून. त्रास होतो असं नाही, उजळणी होते. उद्यापासून मशीनला वळण लावायचं.

१० जून
हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. दिवेलागणीला घर फार मोठं वाटतं. पोरगी गेल्यावर त्या वेळेला काय करायचं, सुचत नाही. भीती वाटते. तिला कळता कामा नये, नाहीतर जायची नाही.

११ जून
मशीन वठणीवर आलं. एका बाणाला एक वाक्य. काल जरा जोरात टाइप केलं होतं, त्याचा परिणाम. घंटीचीही गरज पडली नाही.

१५ जून
पास. पाच तारखेचं वाचा म्हणाली, लगेच सापडलं. दहा तारखेच्या अलीकडेच थांबलो, तेवढा हुशार आहे मी. मग ती माझ्या डोक्याला बराच वेळ तेल लावत बसली.

१७ जून
गेली. एसटीत बसवायला हरणावहिनी गेल्या. मशीन सांभाळायला कुणीतरी घरी हवं, म्हणून मी राहिलो.

१८ जून, दुपारी १
मशीन बिघडलं. काल आणि आजचं पुन्हा एका ओळीत. शिवांजलीला फोन केला. कळलं ते असं की अकरा तारखेपासून रोज सकाळी माझा चहा होईपर्यंत तीच एंटर मारत होती. विचारलं, वाचलंस का?
"न्हाय आप्पा, नुसतं एंटर मारलं."
बरं झालं. माणसाच्या खासगी गोष्टी असतात. ठेवता ठेवता म्हणाली, "रोज दिवेलागणीला फोन करते. उचलत जावा."

संध्याकाळी ७
नेमकं त्याच वेळेला का, ते विचारायचं राहिलं. साडेसहापासून फोन मांडीवर घेऊन बसलोय. अजून वाजलेला नाही.