पिंपाचं कुलूप

मंगळवार, दिवेलागण

दूध सोसायटीचा पाण्याचा टँकर चार दिवस झाले आला न्हाई. पिंपात निम्मंच पाणी उरलं, म्हणून मी त्याला कुलूप घातलं. शेजारची कौसा घागर घेऊन आली. तिची लेक बाळंतीण हाय. मी म्हणलं, "प्रार्थना करते गं तुझ्यासाठी."

"मावशी, मग प्रार्थनाच घागरीत ओता," म्हणली आन् गेली.

लई राग आला. तिचा का माझा? रविवारी चर्चमधी उभं राहून मीच सांगितलं, देवावर भरवसा ठेवा. आन् कुलपाची किल्ली माझ्याच पदराला.

शेवटी माझी घागर भरून तिच्या दारात ठेवून आले. कुलूप परत लावलं न्हाई. देवा, टँकरचं आता तूच बघ. पाणी उद्या दुपारपर्यंतच पुरंल, सांगून ठेवते.