दाराहून मोठी बाई

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

मी सुखरूप पोचले. खोलीचं छत गळायचं थांबलंय. वहिनीचा गुडघा कसा आहे?

एक प्रश्न डोक्यातून जात नाही आणि उत्तर मला येत नाही. जो आपल्यावर माया करतो, त्याच्यावर चिडायचं की नाही? तू म्हणशील, पदवी घेतलीस आणि एवढंही येत नाही? नाही येत. पण चिडले आहे.

माझ्या चित्राला तू हात का लावलास?

संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गात मॅडमनी नक्कल करायला एक छापील चित्र दिलं होतं, कुठेही न शिकलेल्या कुणा धोबिणीनं काढलेलं. घर वाकडं, टेबल वरून पाहिलेलं, त्याभोवतीची माणसं मात्र समोरून. आणि अंगणात बादली घेतलेली बाई दाराहून मोठी. मला वाटलं, हे तर कुणालाही जमेल. पण हात आपोआप सगळं सरळ करायला लागला. मॅडम म्हणाल्या, "तू तिला सुधारतेयस. आधी ती काय बघत होती ते बघ." किती वेळा पुसलं, तेव्हा कुठे ते घर तिच्यासारखं वाकडं आलं.

तेच मी मागच्या सुट्टीत तुझ्या दुकानासाठी आणलं होतं. या खेपेला बघते तर भिंती पट्टी लावून सरळ, टेबलाला चारही पाय, वर सावल्या.

विचारलं तर म्हणालास, "अगं, पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात वाकडं घर लावू? गिऱ्हाईक पळून जाईल. इतकं शिकलीस आणि टेबलाचा पाय सरळ येत नाही?"

आणि माझ्यादेखतच गिऱ्हाइकाला म्हणालास, "बहिणीनं काढलंय. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट."

बाईला तर तू लहान करून दारात बसवलंस. "आता कशी आत जाईल बघ," म्हणून हसलास. वहिनीही हसली. मी चहा प्यायले.

दादा, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतंस का? मूळ चित्रात तिथे नुसते दोन ठिपके आहेत. मी आईचा चेहरा काढला होता. नीट जमला नव्हता, पण भुवई तिचीच होती. ती गेली तेव्हा मी लहान होते. मला ती तेवढीच आठवते, अख्खं दार अडवून उभी. तू तेव्हा तिच्या डोक्यावरून पलीकडे बघण्याएवढा उंच झाला होतास. तुला ती लहानच दिसत असणार.

माझं कॉलेज तुझ्या ब्रशवर झालं, हे मी विसरले नाही. विषय तू ठरवलेस, नोकरीचा अर्ज तू भरलास, माझे केस किती लांब असावेत तेही तूच सांगितलंस. मी गप्प राहिले, कारण सगळं माझ्या भल्यासाठी होतं. हे चित्र कुणाच्याच भल्यासाठी नव्हतं. ते फक्त माझं होतं.

गुरुवारी तू पाटी चढवायला गेलास आणि मला दुकानात बसवलंस. मी चित्र फाडलेलं नाही. तुझा हात चांगला आहे, चित्रही आता चांगलं आहे. म्हणून तुझ्याच ब्लेडनं कोपऱ्यातली माझी सही खरवडून काढली आणि तिथे तुझं नाव लिहिलं. पट्टी न लावता.

यापुढे गिऱ्हाइकांना खरं सांग.

तुझीच, पण अजून चिडलेली,
धाकटी